कवळाण्याचा मुलगा आणि पुस्तकांची पेटी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकालपत्रके हाती पडली, की मराठी घरांतून एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. चौथी ते सातवीच्या मुलांनी उन्हाळ्याच्या सुटीत वाचावे काय? शाळा याद्या देतात, पालक प्रदर्शनांतून पुस्तके उचलून आणतात आणि जूनच्या मध्यास शाळा उघडतात तेव्हा त्यांतील बरीचशी पुस्तके कोरीच राहिलेली आढळतात. निवड चुकली असे म्हणून सारे गप्प बसतात. पण निवड कशासाठी करावयाची हेच जर स्पष्ट नसेल, तर ती बरोबर आली काय आणि चुकली काय, सारखेच. पुढील इयत्तेचा अभ्यास थोडा आधी उरकावा हा सुटीतील वाचनाचा हेतू असू शकत नाही. वाचावयास शिकलेले मूल वाचते राहावे, हाच तो हेतू. या हेतूचा विचार एका संपूर्ण राज्याच्या पातळीवर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने केला होता. तो माणूस स्वतः वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) या नावाने प्रसिद्धी पावला. त्यांचे चरित्र थोर प्रशासकाचे चरित्र म्हणून अनेकदा सांगितले गेले आहे. एका उशिरा शिकलेल्या वाचकाचे चरित्र म्हणून ते वाचले तर आजच्या शिक्षकाला व पालकाला त्यातून अधिक काही मिळण्यासारखे आहे.

शेतावरून राजवाड्यात

नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाडांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळ. गायकवाड घराण्याचीच ही एक दूरची शाखा. पण तिचे जीवन साध्या शेतकऱ्याचे होते. गुरे, शेत आणि गावची मोकळी हवा यांत वाढणाऱ्या या मुलास अक्षरओळख करून देण्याची निकड कोणास भासली नव्हती. इकडे बडोद्यात मल्हारराव गायकवाडांची कारकीर्द रसातळास जात होती. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाचे प्रकरण गाजले, चौकशी झाली आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले. गादीस वारस हवा होता. दिवंगत खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली आणि काशीरावांच्या घरची मुले बडोद्यास आणण्यात आली. कशासाठी आलास, या प्रश्नास गोपाळाने राज्य करण्यासाठी आलो असे उत्तर दिले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळाचा सयाजीराव झाला.

राज्य मिळाले तरी ते चालविण्यास अक्षर लागते. दिवाण सर टी. माधवराव यांनी या मुलाच्या शिक्षणाची जी व्यवस्था केली, तिला त्या काळातील संस्थानी वातावरणात फारशी तोड नव्हती. एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास प्रमुख शिक्षक नेमले गेले, त्यांच्या हाताखाली देशी शिक्षक आले आणि भावांसह या मुलाची राजवाड्यातच शाळा सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच सुरू झाल्या. पहाटेपासून आखलेला दिवस, तालीम, घोडेस्वारी आणि धड्यांमागून धडे. आरंभीची प्रगती संथ होती. ज्या वयात इतर मुले गोष्टींची पुस्तके वाचतात, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे गिरवीत होता. बुद्धी बारा वर्षांची आणि पुस्तक पाच वर्षांच्या मुलाचे, ही विसंगती कोणत्याही प्रौढ साक्षरतेच्या वर्गावर काम केलेल्या शिक्षकास परिचित आहे. ती सोसून जो वाचक तयार होतो, त्याला अक्षराची किंमत कायमची कळते. सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठराव्या वर्षी सयाजीरावांच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली तेव्हा ते इंग्रजीतील राज्यशास्त्राचे ग्रंथ वाचण्याइतके तयार झाले होते.

या काळातील एक गोष्ट निवडीच्या दृष्टीने मोलाची आहे. राज्यकारभार कसा चालवावा हे या तरुणास शिकविण्यासाठी उपलब्ध पुस्तकांपैकी एखादे हाती देऊन माधवराव थांबले नाहीत. १८८१ साली त्यांनी स्वतः व्याख्याने तयार केली. ती पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली. समोर एकच विद्यार्थी, त्याचे वय, त्याची समज आणि त्याच्यापुढील काम हे ध्यानात घेऊन तो मजकूर सिद्ध झाला होता. वाचकाला ओळखून मग पुस्तक ठरविणे हा निवडीचा पहिला नियम आहे. सयाजीरावांनी तो विद्यार्थी म्हणून अनुभवला आणि राजा म्हणून पुढे वापरला.

वाचकांतून लेखक

राज्यारोहणानंतर वाचन सुटले नाही. उलट ते व्यसनासारखे जडले. प्रकृतीच्या तक्रारी वारंवार उद्भवत. अशा वेळी वाचून दाखविण्यासाठी माणसे नेमलेली असत. १८८९ साली या वाचकाच्या कामावर एक तरुण पदवीधर रुजू झाला. त्याचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. पुढे राजपुत्रांना शिकविण्याचे कामही त्यांच्याकडे आले. हिंदुस्थानचा इतिहास मुलांना मराठीतून शिकवावयाचा तर पुस्तके कोठे होती? सरदेसायांनी टिपणे काढण्यास आरंभ केला. त्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ आणि त्यानंतर ‘मराठी रियासती’चे खंड बाहेर पडले. महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी मॅकियाव्हेली आणि सीली यांचे ग्रंथही मराठीत आणले. मराठी इतिहासलेखनातील एक प्रचंड उद्योग राजवाड्यातील मुलांसाठी योग्य पुस्तक नाही या अडचणीतून उभा राहिला, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. स्वतः महाराजांनीही रोमन साम्राज्याच्या ऱ्हासासंबंधीच्या आपल्या वाचनाची टिपणे इंग्रजीत पुस्तकरूपाने छापली होती. वाचलेल्याचे टिपण करावे ही सवय त्यांनी आयुष्यभर सांभाळली.

कायदा पुरा पडत नाही

स्वतःला उशिरा मिळालेले अक्षर प्रजेच्या मुलांना वेळेवर मिळावे, असे अशा माणसास वाटले तर नवल नाही. १८९३ साली अमरेली शहर व आसपासच्या काही खेड्यांत त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो यशस्वी होतो असे दिसल्यावर १९०६ साली तो सर्व राज्यास लागू करण्यात आला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा ही वयोमर्यादा ठरली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक नामंजूर झाले. ब्रिटिश हिंदुस्थानास जे परवडत नव्हते ते एका संस्थानाने करून दाखविले होते. पण हे सारे विनासायास झाले असे मानण्याचे कारण नाही. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होई आणि ज्याच्या घरी मुलाचे दोन हात शेतावर लागत, त्या कुणब्याला तो दंड जाचक वाटे. मुलींची मर्यादा मुलांपेक्षा दोन वर्षे अलीकडे आणली गेली, हीही त्या कायद्याची उणीव होती.

त्याहून मोठी उणीव लवकरच लक्षात आली. ज्या वयात गोपाळाने मुळाक्षरे गिरविण्यास आरंभ केला होता, नेमक्या त्याच वयात हा कायदा मुलास शाळेतून मोकळे करीत होता. तीन-चार इयत्ता शिकलेला मुलगा शेतावर वा दुकानावर गेला की त्याच्या दृष्टीस छापील कागद क्वचितच पडे. चार-पाच वर्षांत तो वाचन विसरून जाई. सरकारचा पैसा आणि मुलाची वर्षे दोन्ही वाया. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा उगम या जाणिवेत आहे. ती संस्थानाची हौस नव्हती. शिक्षणाच्या कायद्याचा तो अपरिहार्य उत्तरार्ध होता.

आजच्या उन्हाळी सुटीशी याचा संबंध दूरचा वाटेल, परंतु तो तसा नाही. चौथी-पाचवीतील मूल अक्षरे जुळवून वाचते. पण अर्थ सहज मनात उतरावा इतका वेग त्याच्या वाचनास आलेला नसतो. या अवस्थेत दीड महिना त्याने काहीच वाचले नाही, तर जूनमध्ये ते थोडे मागे सरकलेले असते. ज्या घरी पुस्तके आहेत तेथील मूल सावरते, ज्या घरी नाहीत तेथील सावरत नाही. दर वर्षीच्या सुटीत हे अंतर थोडे थोडे वाढत जाते. बडोद्यात जे शाळा सुटल्यावर चार-पाच वर्षांत घडत होते, त्याचेच हे छोटे रूप आहे.

पेटी गावोगाव

महाराज परदेशी वारंवार जात. राज्यापासून इतके दिवस दूर राहण्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होई आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. परंतु या प्रवासांतून ते रिकाम्या हाताने क्वचितच परतले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलाविले. १९१० ते १९१३ या तीन वर्षांत बॉर्डन यांनी ग्रंथालयाचे स्वतंत्र खाते उभारले, ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला आणि इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघणाऱ्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकाचा पाया घातला. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास देण्यात आला; महाराजांचे बंधू संपतराव यांचा संग्रहही त्यात आला. गावाने वर्गणी जमविली तर तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, अशी योजना खेड्यांतील ग्रंथालयांसाठी आखण्यात आली. गावाच्या खिशातला एक रुपया पडल्यावाचून सरकारचा रुपया पडत नसे, म्हणून ते ग्रंथालय गावास आपले वाटे. महाराजांच्या हयातीतच अशा ग्रंथालयांची संख्या हजारावर गेली.

जेथे ग्रंथालय उभे राहणे शक्य नव्हते तेथे पेटी जाई. लाकडी पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके भरावयाची, ती गावातील शिक्षकाच्या वा एखाद्या जबाबदार गृहस्थाच्या स्वाधीन करावयाची, काही महिन्यांनी ती परत घेऊन दुसरी पाठवावयाची. वाहतुकीचा खर्च खात्याचा. वाचकास काहीही भुर्दंड नाही. आज हे साधे वाटते. पण पेटीत जागा थोडी असल्यामुळे निवड करणाऱ्यास प्रत्येक पुस्तकाबद्दल विचार करावा लागे. एकाच प्रकारची तीस पुस्तके पाठविली तर अर्ध्या गावाला त्यांचा उपयोग नव्हता. म्हणून गोष्ट, चरित्र, प्रवास, शेती, आरोग्य आणि धर्म अशा निरनिराळ्या विषयांना जागा द्यावी लागे. ज्याला वाचता येत नसे त्याच्यासाठी चित्रे आणि जादूच्या दिव्याचे खेळ घेऊन खात्याची माणसे गावोगाव फिरत.

मुलांची सोय तर स्वतंत्रच होती. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन उघडण्यात आले आणि त्यात पुस्तकांच्या बरोबरीने बैठे खेळ व चित्रे ठेवण्यात आली. मूल खेळावयास येई, खेळता खेळता शेजारचे चित्रांचे पुस्तक उघडी आणि हळूहळू अक्षरांकडे वळे. खेळ आणि वाचन हे परस्परांचे वैरी आहेत ही समजूत त्या दालनाने खोटी ठरविली. सुटीतही मुलांना मैदानातून ओढून आणून पुस्तकासमोर बसविणाऱ्या पालकांनी याचा विचार करावयास हवा.

पुस्तके मुळातच नसतील तर पेटीत भरावयाचे काय, हा प्रश्न अर्थातच आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूस काढला आणि त्याच्या व्याजातून गुजराती व मराठीत पुस्तके सिद्ध करविली. मोठ्यांसाठी ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि लहानांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’. मुलांच्या वाङ्मयासाठी राज्याच्या तिजोरीतून कायमची तजवीज व्हावी, ही घटना त्या काळी असाधारण होती. या साऱ्या खटाटोपात मोतीभाई अमीन यांच्यासारखे शिक्षक पुढे होते. विद्यार्थीदशेपासून ग्रंथालये काढण्याचा नाद असलेल्या या माणसाने गुजराती खेड्यांत वाचनालयांचे जाळे विणले. राजाची इच्छा आणि अमेरिकन तज्ज्ञाची पद्धत ही दोन्ही खेड्यापर्यंत पोहोचली ती अशा शिक्षकांच्या पायांनी. बॉर्डन तीन वर्षांनी मायदेशी परतले; काम थांबले नाही, याचे कारण हेच होते.

घरचे दुःख

इतरांच्या मुलांसाठी इतके करणाऱ्या या पित्याचे घरचे आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या पत्नी अल्पवयातच निवर्तल्या. मुलांना परदेशातील उत्तम विद्यापीठांत शिक्षण देण्यात आले. पण फत्तेसिंगराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंगराव १९२३ साली, असे तीन तरुण मुलगे पित्याच्या डोळ्यांदेखत गेले. १९११ सालच्या दिल्ली दरबारातील वर्तनाबद्दल इंग्रज सरकारचा रोष ओढवला, तोही सोसावा लागला. या आपत्तींच्या काळात शाळा, ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्यांचे काम अडले नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला तो बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. पुढे पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या या विद्वानास परदेशी ग्रंथालयाचे दार प्रथम उघडून देणारा हात बडोद्याचा होता. त्याच विद्वानास पुढे बडोद्याच्या नोकरीत असताना अस्पृश्य म्हणून राहावयास घर मिळाले नाही, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे. राजाची आज्ञा माणसांच्या मनापर्यंत पोहोचत नाही, तेथे कायद्याप्रमाणेच ग्रंथही थिटे पडतात.

१९३२ साली कोल्हापूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांना देण्यात आले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मांडवीजवळची ग्रंथालयाची इमारत मात्र उभी आहे. खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा म्हणून तिच्या ग्रंथकोठारात काचेच्या फरश्या बसविलेल्या आहेत.

आजची पेटी

या चरित्रातून आजच्या निवडीसाठी निघणारे निष्कर्ष साधेच आहेत. मुलासाठी एकच आदर्श पुस्तक शोधण्याचा हव्यास सोडावा आणि लहानशी पेटी भरावी. तिच्यात गोष्ट असावी, प्रवास असावा, एखादे चरित्र, प्राण्यांची वा यंत्रांची माहिती, हाताने काही करावयास लावणारे एखादे पुस्तक आणि थोड्या कविता असाव्यात. मराठीत याची वाण नाही. साने गुरुजींच्या श्यामपासून ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्यापर्यंत, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून बडोद्यातच अध्यापन केलेल्या चिं. वि. जोशींच्या चिमणरावापर्यंत, निरनिराळ्या स्वभावांच्या मुलांना पुरेल एवढी सामग्री आहे आणि नवे लेखकही आहेत. रडविणारे पुस्तक उत्तम आणि हसविणारे हलके, अशी प्रतवारी मुलांवर लादू नये. पेटीतले कोणते पुस्तक उघडावयाचे आणि कोणते अर्ध्यात टाकावयाचे, हे मुलावर सोपवावे. तसेच निवडणाऱ्याने ती पुस्तके आधी स्वतः वाचलेली असावीत. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस मुले तत्काळ ओळखतात.

मात्र या सर्वांआधी एक अडथळा दूर व्हावयास हवा. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे ठरविले आहे आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांचाही उल्लेख आहे. तरीही अनेक शाळांतून पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. पुस्तक हरवले तर जबाब कोणी द्यावयाचा, ही भीती शिक्षकास असते आणि ती अनाठायी नसते. सुटीत तर शाळेसकट कपाटही बंद होते. म्हणजे ज्या दीड महिन्यात मुलास पुस्तकाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच काळात ते त्याच्या हाती लागत नाही. बडोद्याच्या पेट्यांतील पुस्तकेही फाटत असतील, हरवत असतील. तेवढे नुकसान खात्याने गृहीत धरले नसते, तर एकही पेटी गावच्या वेशीपर्यंत गेली नसती. फाटलेले पुस्तक हे वाचले गेल्याचे चिन्ह आहे असे मानण्याइतका उदारपणा शिक्षणखात्याने दाखविला आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हाती चार पुस्तके देऊनच शाळेने सुटी दिली, तर याद्यांची फारशी आवश्यकता उरणार नाही. बाराव्या वर्षी अक्षर भेटलेल्या मुलाने राजा झाल्यावर जे ओळखले, ते जन्मापासून अक्षरांच्या सान्निध्यात वाढलेल्या समाजास कळू नये, हे लाजिरवाणे आहे.